डावीकडची बाटली

तिसरा झुरका घेऊन तिनं वाफ सोडली, ती गाडीच्या पुढच्या काचेवर आपटून विरली, आणि तेव्हा कुठं ॲव्हरिलच्या जिभेच्या टोकाला ती खाच लागली. तोंडात धरायच्या टोकाला, खालच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या वेपला, त्या बॅटरीवरच्या सिगरेटला, खाच नव्हती. खाच पप्पांच्या वेपला होती. अडतीस वर्षं सिगरेट ओढलेल्या त्या माणसाला ओठ सैल ठेवून झुरका घ्यायचं कधी जमलंच नाही. ते आपले दातांत धरायचे, टेस्टर धरावा तसं, आणि दोन्ही हात एसीच्या आउटडोअर युनिटमध्ये घालून काम करत राहायचे. तिनं हात खाली घेतला आणि तळव्यातल्या त्या काळ्या चपट्या वस्तूकडे पाहिलं. काडेपेटीपेक्षा थोडीशी लांब. पप्पांनी तिला पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, दोघांच्या वेप सारख्या दिसत म्हणून. टेप गेली होती. टेपेच्या जागी चिकटपणाही उरला नव्हता, कुणीतरी रॉकेलनं किंवा तेलानं तो घासून काढावा तसा. मम्मीशिवाय असं कोण करणार? फोटोपुढं ठेवायच्या वस्तूवर टेप बरी दिसत नाही, असं तिला वाटलं असणार.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसमागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ऊन आत्ताच पत्र्यासारखं तापलं होतं आणि गाडीचं इंजिन बंद करायची तिची हिंमत होत नव्हती. रोज वर जाण्याआधी ती इथं पाच मिनिटं बसायची. सहा वर्षांची सवय होती ती. घशाला हलका चटका लागेल इतकाच छोटा झुरका, मग थांबणं, मग दुसरा. नवखी माणसं सिगरेटसारखं जोरात ओढतात, लिक्विड तोंडात येतं आणि मग वस्तूला नावं ठेवतात. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, नवीन बसवली की पॉड, म्हणजे लिक्विडची डबी, भरून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, कापूस भिजू द्यायचा. लिक्विड तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर कापूस जळतो आणि तो जळका वास पॉड फेकून दिल्याशिवाय जात नाही. हे सगळं तिच्या हातात इतकं मुरलं होतं की त्याचा विचार करावा लागत नसे. आजही तिनं विचार केला नव्हता. स्वयंपाकघरातल्या चार्जरपाशी दोन सारख्या वस्तू होत्या, त्यातली एक उचलून पर्समध्ये टाकली होती.

पप्पांची वस्तू तोंडाला लावली याचं तिला पहिल्या क्षणी फक्त कसंतरी झालं, कुणाच्या तरी उष्ट्या कपातून पाणी प्यावं तसं. मग त्याहूनही वाईट वाटलं, कारण पप्पा गेल्यापासून चाळीस दिवस तिनं ती जपली होती. हॉस्पिटलनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्याळ, रोजरीची माळ आणि ही वेप दिली, तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं की हिच्यातून कुणी ओढायचं नाही. आत त्यांचा शेवटचा उरलेला घोट आहे असं काहीतरी तिच्या मनात होतं. तिनं ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं, मांडलं असतं तर तिलाच हसू आलं असतं. आणि आता तीन झुरके गेले. तीन. त्या आकड्यापाशी मात्र तिचं मन थांबलं.

पप्पांच्या वेपमध्ये तीनचं, म्हणजे मिलीला तीन मिलिग्रॅम निकोटिनचं, लिक्विड होतं. तिच्यात तीसचं. तीन म्हणजे जवळजवळ हवाच. तिच्यासारख्या मुरलेल्या माणसाला पहिल्याच झुरक्याला कळायला हवं होतं. घशाला काहीच लागलं नसतं, तिनं वस्तू डोळ्यांसमोर धरून बघितली असती. पण तसं काही झालं नव्हतं. घशाला रोजचा चटका बसला होता, डोक्यात रोजची ती बारीक कळ फिरली होती, खांदे रोजच्यासारखे सैल पडले होते. खाच लागली नसती तर तिला संध्याकाळपर्यंत पत्ता लागला नसता. तिनं चौथा झुरका घेतला, मुद्दाम, लक्ष देऊन. तंबाखूची चव, खाली थोडी कॉफी, आणि मग चटका. तीस. शंकाच नव्हती.

त्यांच्या हृदयाचं दुखणं दोन वर्षांपूर्वी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की सिगरेट आजपासून खलास. पप्पांनी मान डोलावली आणि खाली उतरून, दवाखान्याच्या दारातच, एक पेटवली. मग ॲव्हरिलनंच हा मार्ग काढला. मस्कतमध्ये ही वस्तू उघड मिळत नाही. तिच्या ऑफिसातला केयूर दुबईला जाऊन-येऊन असायचा, त्याच्याकडून तिनं एकसारख्या दोन आणवल्या, एक जुनी झालेली स्वतःची बदलायला आणि एक पप्पांना. पप्पांनी ती आधी उघडून बघितली. कॉइल, बॅटरी, हवेचा रस्ता. म्हणाले, हे तर आपलंच काम आहे, फक्त आपण थंड करतो आणि हे गरम करतं. आठवड्याभरात सिगरेट सुटली. मम्मीनं, म्हणजे लिलियननं, शुक्रवारच्या मिस्साला आभाराची मेणबत्ती लावली आणि चर्चच्या अंगणात चारचौघींना सांगितलं की क्लेमेंटनं मनावर घेतलं आणि सोडली, माणसाचं मन पाहिजे. ॲव्हरिल बाजूला उभी होती. तिला बरं वाटलं होतं.

पण डॉक्टरांचं म्हणणं पुढंही होतं. हेही हळूहळू कमी करा, बंद करा. पप्पांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा मान डोलावली असती, आणि ती मान ॲव्हरिलला माहीत होती. म्हणून तिनं त्यांना सांगितलं नाही. साधं, निकोटिन नसलेलं लिक्विड आणून ती त्यांच्या बाटलीत मिसळू लागली. तीसचं वीस केलं, वीसचं दहा, दहाचं पाच. बाटलीवरचा आकडा दिसू नये म्हणून तिनं दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात भिजत घातल्या आणि लेबलं नखानं सोलून काढली. त्यांच्या बाटलीच्या बुडाला पिनेनं एक ओरखडा काढला, तो तिलाच ठाऊक होता. पप्पांना फक्त एवढं सांगितलं की ड्रॉवरमध्ये डावीकडची तुमची, उजवीकडची माझी. तुमच्यात साखरेचं प्रमाण कमी आहे. त्यात साखर असते की नसते हे त्यांना कुठं माहीत होतं. त्यांनी विचारलंही नाही.

मधे एकदा, लिक्विड पाचवर आलं होतं तेव्हा, ते वेप हातात घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले होते. अंगात कामाचाच निळा शर्ट होता. म्हणाले, "बाय, हे आता पहिल्यासारखं लागत नाही गो." तिनं लॅपटॉपवरून नजर न काढता म्हटलं होतं, "कॉइल जुनी झाली असेल, पप्पा. उद्या बदलते." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच बदलली होती, त्यांच्यासमोर, पद्धतशीर, पॉड भरून दहा मिनिटं टेबलावर ठेवून. ते समोर बसून बघत होते. एवढा मोठा माणूस, हॉटेलचा अख्खा एसी प्लँट ज्यानं वीस वर्षं चालवला, ज्याला कुठल्याही मशिनचा आवाज ऐकून दोष कळायचा, तो मुलीनं सांगितलं म्हणून कॉइलकडे बघत दहा मिनिटं बसून राहिला. मग ओढून म्हणाला, हां, आता बरं आहे. आता त्या आठवणीत तिला त्यांच्या आवाजात काय होतं ते ऐकायचं होतं आणि ऐकू येत नव्हतं. त्यांना कळलं होतं का? कळून ते बरं आहे म्हणाले का? की खरंच बरं वाटलं?

ऑफिसात ती साडेबारापर्यंत एकाच कंटेनरचे कागद पुढंमागं करत बसली. केयूर चहाला बोलवायला आला, तर तिनं मान हलवली. तो म्हणाला, "काय मॅडम, आज अर्बाब, मालक स्वतः आलाय म्हणून एवढं काम?" ती हसली असावी. टेबलावर, की-बोर्डच्या मागं, रुमालात ती वेप होती. बाटल्या गोल होत्या. ही गोष्ट तिला सकाळपासून दिसत होती आणि ती तिच्याकडे बघत नव्हती. ड्रॉवर जुना, धक्का देऊन लावावा लागणारा. प्रत्येक धक्क्याला आतल्या गोल वस्तू गडगडत मागं जायच्या आणि उघडताना पुढं यायच्या. डावीकडची उजवीकडं व्हायला किती वेळ? तिनं आपली बाटली नेहमी बुडाला अंगठा फिरवून उचलली, ओरखडा नाही ना हे बघून. त्यांना ओरखडा माहीतच नव्हता. त्यांना डावी-उजवी माहीत होती. शिवाय दर शनिवारी मम्मी तो ड्रॉवर रिकामा करून पुसायची. तिला सारख्या बाटल्या सारख्याच दिसणार. लेबलं असती तर आकडा दिसला असता. लेबलं कुणी काढली?

शेवटच्या महिन्यातलं एकेक तिच्यापुढं येऊन उभं राहिलं, बोलावल्याशिवाय. लिक्विड तीनवर आलं, तरी पप्पांची कुरकुर थांबली होती. मस्त आहे, म्हणाले होते. तिला तेव्हा आपल्या हिशेबीपणाचं कौतुक वाटलं होतं, शरीर कसं फसतं बघा. एका संध्याकाळी ते म्हणाले, छातीत काहीतरी फडफडतं, पाखरू अडकल्यासारखं. ती म्हणाली, गॅस असेल, जेवून लगेच आडवे होता. रुस्ताकच्या एका कामावरून फोन केला तेव्हा म्हणाले, आज स्क्रू हातातून दोनदा पडला, हात थरथरतो. ती म्हणाली, उन्हात पाणी पीत जा. तीनला असं काही होत नाही. तीसला होतं, दिवसभर दातांत धरून ओढणाऱ्या, तीनची सवय झालेल्या, दुखऱ्या हृदयाच्या माणसाला होऊ शकतं. पण दुखऱ्या हृदयाला ते तसंही होतं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला ऑगस्टमध्ये छतावर चढून तसंही होतं. दोन्ही वाक्यं खरी होती आणि ती एकमेकांना खोडत नव्हती.

सहमच्या ज्या घराच्या छतावर एसी दुरुस्त करताना पप्पांचा जीव गेला, तिथं ती कधी गेली नव्हती, तरी तिला ते छत दिसायचं. पांढऱ्या पाण्याच्या टाक्या, पलीकडे लिंबांची बाग, त्यापलीकडे समुद्राचा एक राखाडी पट्टा. त्यांच्यासोबत काम करणारा नूरुद्दीन पाना आणायला खाली गाडीकडे गेला होता. वर आला तर पप्पा युनिटला टेकून बसले होते, विसावा घेतल्यासारखे, आणि वेप मांडीवर होती. नूरुद्दीननं हे तिला फोनवर सांगितलं, परत समोर बसून सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो मांडीवर या शब्दापाशी रडला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं विचारलं होतं, स्मोकिंग? ती म्हणाली होती, नाही, दोन वर्षांपूर्वी सोडलं. मग प्रामाणिकपणानं म्हणाली होती, वेप करायचे, पण अगदी हलकं. तीन. त्या क्षणी, त्या कॉरिडॉरमध्ये, तिला आपण त्यांची किती काळजी घेतली होती याचा जवळजवळ अभिमान वाटला होता. तो अभिमान आता तिला कुठं ठेवावा ते कळेना.

चार वाजता तिनं डोकं दुखतंय असं सांगून ऑफिस सोडलं. घराकडे, वादी अदाईकडे वळणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ते उघडे, तपकिरी डोंगर आले. त्यांच्यावर झाड नाही, गवत नाही, लपायला काही नाही. लहानपणी पप्पा म्हणायचे, हे डोंगर म्हणजे देवानं पॅनेल उघडून ठेवलंय, बंद करायचं विसरला. सिग्नलला तिनं वेप उजेडासमोर धरली. काळसर पॉडमधून तपकिरी लिक्विड अर्ध्याच्या वर दिसलं. हॉस्पिटलातून वेप आली तेव्हा त्यात किती होतं, हे तिनं बघितलंच नव्हतं. तेवढं एक धैर्य तेव्हा झालं नव्हतं. काही असो, हे त्यांनीच भरलेलं होतं, त्या दिवशी पहाटे, सहमला निघताना, अंधारात दिवा न लावता, मम्मी जागी होऊ नये म्हणून. हाताला लागली ती बाटली घेऊन. किंवा चुकून नव्हे, तर समजून-उमजून, मुलीची बाटली उचलून. म्हणजे त्यांनीही तिला महिनाभर फसवलं, तिच्यासारखंच, काही न बोलता. हा विचार तिला क्षणभर इतका गोड वाटला की तिनं तो घट्ट धरला. त्यांनी स्वतः निवडलं असेल, तर तिच्यावरचा दोष सुटत होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

दार उघडताच लिलियन म्हणाली, "तू नेलंस ना?" ती फोटोपुढच्या टेबलापाशी उभी होती. मेणबत्ती, माळ, प्लॅस्टिकची दोन फुलं आणि एक रिकामी जागा. दिवसभर ती शोधत होती हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. पलंगाखाली पाहिलं, धुण्याच्या मशिनमध्ये पाहिलं, मग वाटलं की कचऱ्यात गेलं की काय, खाली जाऊन ड्रमही पाहिला. चुकून गेलं, असं ॲव्हरिल म्हणाली आणि तिनं वेप तिच्या हातात दिली. लिलियननं ती पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली. मग जरा ओशाळून म्हणाली की टेप मी काढली, तुझा गोंधळ त्यानंच झाला असेल. ॲव्हरिलला विचारायचं होतं की ड्रॉवर पुसताना बाटल्या परत कशा ठेवायचीस. तिनं तेच विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात. लिलियन म्हणाली, कशा म्हणजे, ठेवायची. सारख्याच तर आहेत.

आणि मग, न विचारता, खाली बघत ती बोलली, "संपलं होतं गो ते. जळका वास यायला लागला, म्हणून मी भरलं. यूट्यूबवर बघून भरलं, तुझ्यासारखं दहा मिनिटं ठेवलं पण."

ॲव्हरिल खुर्चीवर बसली. "संपलं कसं, मम्मी?"

"रोजरीच्या आधी एक ओढते, मग रात्री चार्जिंगला लावते. रोज." तिनं वेप दोन्ही हातांत धरली होती. "मग खोलीत त्यांचा वास येतो. सुरुवात करायला बरं पडतं. जरा गरगरतं, पण बरं वाटतं. चाळीस वर्षं मी त्यांना म्हटलं खिडकी उघडा, खिडकी उघडा." तिनं वर पाहिलं. "चुकीचं भरलं का? दोन बाटल्या होत्या, एक हाताला लागली ती घेतली. ती संपली तशी टाकून दिली."

म्हणजे हे पप्पांनी भरलेलं नव्हतं. पप्पांचं जे होतं ते मम्मीनं रोज एक झुरका घेत, पन्नास जपमण्यांआधी, या खोलीत सोडून दिलं होतं. ते तीन होतं की तीस होतं हे सांगू शकणारी एकच गोष्ट जगात होती, आणि ती खिडकीतून गेली होती. सकाळपासून तिच्या छातीवर जे बसलं होतं ते उठलं नाही, फक्त त्याला आता तोंड नव्हतं. भीती वाटावी तर पुरावा नाही, सुटावं तर पुरावा नाही. त्यांनी निवडलं असेल, फसवलं असेल, चुकलं असेल, काहीच झालं नसेल. आणि समोर मम्मी उभी होती, गुन्हा कबूल केल्यासारखी, उत्तराची वाट बघत.

"नाही," ॲव्हरिल म्हणाली. "बरोबर भरलंस."

तिनं वेप मागून घेतली, साफ करून देते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. गरगरतं. साठीला आलेल्या, आयुष्यात कधी सिगरेट न शिवलेल्या बाईला तीसनं गरगरणारच. सांगावं का? सांगायचं म्हणजे आकडे सांगायचे, आकडे सांगायचे म्हणजे सोललेली लेबलं सांगायची, आणि मग मम्मी हळूहळू, रोजरीच्या कुठल्यातरी मण्यापाशी, तिथंच पोचली असती जिथं ती सकाळी साडेआठला पोचली होती. ॲव्हरिलनं पॉड उघडून आतलं लिक्विड पेपर नॅपकिनवर ओतलं. तपकिरी डाग पसरत गेला. तळाशी त्यांचा एखादा थेंब असेल तर तोही त्यात गेला. तिनं नॅपकिनची घडी घातली, कचऱ्याच्या डब्याकडे नेली, आणि परत आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. ड्रॉवर उघडला. एकच बाटली गडगडत पुढं आली. तिनं बुडाला अंगठा फिरवला. ओरखडा होता. तिनं नवी कॉइल बसवली, पॉड भरलं आणि उभ्या-उभ्या दहा मिनिटं वाट पाहिली. बाहेर मगरीबची बांग झाली, डोंगर काळे पडले. एक झुरका घेऊन पाहिला. काहीच नाही. हवा.

मम्मीनं मेणबत्ती लावली होती. तिनं वेप घेतली, नवशिक्यासारखा गालांत भरून झुरका घेतला आणि फोटोच्या दिशेनं हळूच सोडला. वास आला, तंबाखू आणि कॉफीचा, अगदी तोच. लिलियननं माळ हातात घेतली. मग सुरुवात न करता तिनं पुन्हा वेपकडे पाहिलं, हाताच्या तळव्यावर ती जरा उलटीपालटी केली.

"बाय, आज हे नेहमीसारखं लागत नाही गो."

ॲव्हरिल तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिनं फोटोवरून नजर काढली नाही.

"कॉइल नवी आहे, मम्मी," ती म्हणाली. "एक-दोन दिवसांत बरं लागेल."